रिकाम्या डबीचा वास

दार उघडलं तेव्हा आधी वास आला आणि मग पप्पा दिसले. ते ओट्यापाशी पाठमोरे उभे होते. दूध उतू जाऊन शेगडीवर सांडलं होतं, त्यात बर्नर विझला होता, आणि बटण मात्र तसंच फिरलेलं होतं. पप्पांनी पातेलं बाजूला केलं होतं, फडक्यानं बर्नर पुसून घेतला होता, आणि आता त्यांच्या हातात लायटर होता. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण वरच्या मजल्यावर मीनाभाभींना ते ऐकू गेलं, म्हणजे चांगलंच मोठ्यानं असणार. पप्पा दचकून वळले. मी त्यांच्या हातातून लायटर घेतला, बटण बंद केलं, सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला, खिडकी उघडली आणि दिव्याच्या बटणाला हात न लावता त्यांना दंडाला धरून गॅलरीत आणलं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, फरशीवर पाण्यासारखा पसरतो. त्या वेळी मला एवढंच सुचत होतं की आपण दोघं घोट्याएवढ्या गॅसमधून चालतोय. पप्पांचं बोलायचं मशीन आत पलंगावर राहिलं होतं, त्यामुळे ते नुसते ओठ हलवत होते. काय झालं? काय झालं? हे शब्द ओठांवरून वाचायला सोपे असतात. ‘‘वास न्हाई आला तुम्हाला?’’ मी विचारलं. त्यांनी मान हलवली. लक्ष नव्हतं असं सांगणारा माणूस हलवतो तशी नाही. बऱ्याच दिवसांपासून माहीत असलेली गोष्ट कुणीतरी शेवटी विचारली, की माणूस हलवतो तशी.

माझे वडील राजानंद भोकरदनला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांचा आवाज बसला तो बसलेलाच राहिला, आणि गेल्या हिवाळ्यात संभाजीनगरला त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. कारण बिडी. त्याबद्दल घरात कधी वाद झाला नाही. कारण उघड होतं आणि बिडी सुटली होती. स्वरयंत्र काढलं की श्वासनलिकेचं वरचं टोक कशालाच जोडलेलं राहत नाही, म्हणून ते पुढं वळवून गळ्याच्या खळगीत कातडीला शिवतात. तिथं एक भोक राहतं आणि माणूस उरलेलं आयुष्य तिथून श्वास घेतो. सुट्टी देताना डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर डोक्याचं उभं चित्र काढून दाखवलं होतं, सफरचंद मधोमध कापल्यासारखं. नाक शाबूत, तोंड शाबूत, जीभ शाबूत, फक्त हवेचा रस्ता बदलला, असं ते म्हणाले. मला ते वाक्य फार आवडलं. मी फोनवर सगळ्या नातेवाइकांना तेच सांगत होते. मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे, आणि तरी त्या चित्रातली सगळ्यात साधी गोष्ट मला दिसली नव्हती. वास ओळखणारा पडदा नाकाच्या छताला असतो, दोन डोळ्यांच्या मधोमध, टिकलीपेक्षा थोडा मोठा. हवा नाकपुडीतून आत शिरून, शंखासारख्या वळलेल्या हाडांवरून फिरून तिथवर चढली, तरच त्याला काही कळतं. हवा चढते ती खालून फुप्फुसं ओढतात म्हणून. पप्पांची फुप्फुसं आता गळ्यातून ओढत होती. त्यांचं नाक म्हणजे मागचं दार बुजवलेली खोली झाली होती. सगळं सामान जागच्या जागी, खिडक्या उघड्या, आणि वारा नाही.

मग मागचे महिने एकेक करून उलगडू लागले. भाजीत मीठ कमी आहे म्हणून वरून घालून घेणं, पिठल्यावर तिखट भुरभुरणं, नासलेल्या दुधाचा चहा अर्धा पिऊन माझ्या तोंडाकडं बघून ठेवून देणं. मी ते सगळं ऑपरेशननंतर दिलेल्या रेडिएशनच्या खात्यात टाकलं होतं. जीभ फक्त खारट, गोड, आंबट, कडू एवढंच सांगते. बाकी चव ही नाकाची असते, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं आणि त्याला गुणही मिळाले होते. आणि हे कुणाचं नाक? शाळेत मधल्या सुट्टीनंतर वर्गात पाऊल टाकलं की पप्पा दारातूनच म्हणायचे, ‘‘पेरू कोणाच्या दप्तरात हाय?’’ पोरं एकमेकांकडं बघायची. मी त्यांच्याच वर्गात होते, मला वाटायचं हे सगळ्या सरांना येतं. आई, म्हणजे बेबीनंदा, अंगणात धुणं धूत असायची आणि पप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, ‘‘वरण लागून राह्यलंय.’’ आई पळत आत जायची. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. नंतर पप्पा स्वतःच स्वयंपाक करायचे, आणि त्यांचं वरण कधी लागलं नाही.

मीनाभाभी जिन्यावरून अर्ध्या खाली आल्या होत्या. नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचं घर आहे. खालच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्यात, कारण मी जिथं काम करते ती बियाणं कंपनी तिथून जवळ आहे. ‘‘बेटा, पूर्ण बिल्डिंग उडाली असती ना आज,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अंकलजींना एकटं नको ठेवू. इंडक्शन घेऊन टाक.’’ मी बरं म्हणाले. पप्पा आत जाऊन मशीन घेऊन आले होते. टॉर्चसारखं असतं ते. हनुवटीखाली मानेला लावलं की त्याची थरथर तोंडात जाते आणि जीभ आणि ओठ तिचे शब्द करतात. आवाज एकाच सुराचा येतो. त्यात ‘ह’ येत नाही, कारण ‘ह’ म्हणजे दुसरं काही नसून फुप्फुसातून आलेली मोकळी हवा, आणि ती तर खालूनच निघून जाते. मी ऐकताना पप्पांचे ‘ह’ मनात भरून घेते, इथंही भरूनच लिहिलेत. ‘‘किती मशीन लावायच्या?’’ ते म्हणाले. ‘‘गळ्याला एक, ओट्याला एक. आन् भोकरदनला लाईट गेली की?’’ भाभींना मशीनच्या आवाजाची अजून सवय नव्हती. त्या हसल्या, पदर सारखा केला आणि वर गेल्या.

भोकरदनचं त्यांनी मुद्दाम काढलं होतं. रेडिएशन संपल्यापासून त्यांची बॅग पलंगाखाली भरून ठेवलेली होती. त्यांना घरी जायचं होतं, एकट्यानं राहायचं होतं. मी आज-उद्या करत होते, आणि ‘का नाही’ याला माझ्याकडं नीट उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळी खोल्या हवेशीर झाल्यावर, दूध घासून काढल्यावर, मला जाणवलं की आता आहे. घाबरल्याच्या खाली, अगदी तळाशी, मला बरं वाटत होतं. हे मी लपवणार नाही. ‘‘पप्पा, असं एकटं राहता येणार न्हाई तुम्हाला. आज मी आले नसते तर?’’ मी म्हणाले, आणि माझा आवाज मला प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांसारखा ऐकू आला. पप्पांनी मशीन लावलं. ‘‘इथं मी पेशंट हाय, भावना. तिथं मी सर हाय.’’ ‘‘सर असून गॅस थोडाच कळतो?’’ ‘‘मंग कळेल असं कर ना. सायन्स शिकवलं कशाला तुला? खर्चा केला मी.’’ ते थट्टेनं म्हणाले होते, पण एका सुराच्या आवाजात थट्टा ओळखायला चेहरा बघावा लागतो, आणि मी तेव्हा ओटा पुसत होते. मी वळून म्हणाले, ‘‘बरं. ज्या दिवशी तुम्हाला वास कळेल त्या दिवशी मी स्वतः भोकरदनच्या गाडीत बसवून देईन.’’ ‘‘बराबर?’’ ‘‘बराबर.’’ हे बोलताना मला खात्री होती की असं होणार नाही. मागचं दार बुजवलंय, वारा येणार कुठून?

उत्तर कंपनीत सापडलं. आमच्या विभागात बियाणं उगवून बघतात. ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत बी ठेवायचं, गुंडाळ्या उबदार खोलीत उभ्या करायच्या, आणि ठरल्या दिवशी उलगडून कोंब बघायचे. औषध लावलेलं बी असेल तर शेजारी त्याच वाणाचं बिनऔषधाचं ठेवायचं. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. कंट्रोलशिवाय कुठल्याही आकड्याला अर्थ नसतो. त्या खोलीत भिंतींना कायम ओल असते आणि पावसाळ्याच्या पुढंमागं कुठून तरी एखादा बेडूक येऊन बसतो. त्या दिवशी होता. गुंडाळ्यांच्या ट्रेखाली, भिंतीला चिकटून. मी खाली बसून बघत राहिले. बेडकाला बरगड्या नसतात, छाती फुगवून तो हवा ओढू शकत नाही. तो तोंड मिटून तोंडाचा तळ खाली ढकलतो, आत जागा होते, नाकपुड्यांतून हवा तोंडात येते. मग नाकपुड्या मिटून ती खाली दाबतो. पण मधूनमधून तो नुसताच गळा हलवत असतो, भराभर, हवा खाली न ढकलता. फक्त आतबाहेर. त्या वेळी तो श्वास घेत नसतो. वास घेत असतो, असं म्हणतात. आमच्या वेळी महाविद्यालयात बेडूक कापणं बंद झालं होतं, संगणकाच्या पडद्यावर त्याची कातडी बाजूला सरकायची. पण हे मी पडद्यावर शिकले नव्हते. भोकरदनला शाळेमागच्या विहिरीच्या कठड्यावर पप्पांनी मला पोटावर झोपवून दाखवलं होतं. ‘‘बघ, ह्याचा गळा कसा उडून राह्यला. छाती हलती का? न्हाई. हा हवा ओढत न्हाई, हा हवा गिळतो.’’ त्यांच्या सदऱ्याला बिडीचा वास होता. मला पप्पांचा वास म्हणजे तोच माहीत होता, बिडी, खडू आणि ऊन.

घरी येऊन मी सांगितलं. ओठ घट्ट मिटा, हनुवटी आणि जीभ खाली घ्या, पोकळी करा, नाकातून हवा येईल. फुप्फुसांची गरज नाही. मी आरशासमोर बसवून करून दाखवलं. पप्पांनी केलं. दोघं आरशात तोंड मिटून गाल ओढत बसलो होतो. ‘‘बेडूक केला माझा,’’ मशीन म्हणालं. मी कंपनीतून बिया नमुन्याला भरायच्या प्लास्टिकच्या डब्या आणल्या, सगळ्या सारख्या, बाहेरून कागद गुंडाळलेल्या. एकीत वेलदोडा कुटून, एकीत कॉफी, एकीत मेथी भाजून, एकीत मोसंबीची साल, एकीत कांदा, एकीत डोकेदुखीचा बाम. आणि एक रिकामी. ती कंट्रोल. पप्पांनी डोळे मिटायचे, मी डबी नाकाखाली धरायची, त्यांनी सांगायचं.

पहिल्या रविवारी त्यांनी कांदा ओळखला आणि बाम ओळखला. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बोलवेना. पण बोलले, कारण बरोबर ते बरोबर. कांदा आणि बाम कळायला वास यावा लागत नाही, ते झोंबतात. झोंबणं वेगळ्या नसेचं काम आहे. तीच नस दाढ दुखते तेव्हा कळवते. हवा न वाहतासुद्धा बामची वाफ आत सरकते आणि नाकाच्या अस्तराला चिमटा काढते. ‘‘म्हंजे हे नापास?’’ ‘‘नापास न्हाई. हे धरायचं न्हाई.’’ ‘‘तुझ्यासारखी मास्तरीण मला भेटली असती तर मी शाळा सोडली असती,’’ पप्पा म्हणाले आणि मशीन पलंगावर टाकलं. वेलदोडा, कॉफी, मेथी, मोसंबी यांना ते ‘रिकामी’ म्हणत होते. रिकामीलाही रिकामी म्हणत होते, आणि तेवढं एकच उत्तर बरोबर येत होतं. असं पुढचे किती तरी रविवार चाललं. मी तंत्र समजावत राहिले, दाब, पोकळी, आकारमान. कंपनीत जाता-येता त्याचाच विचार करायचे. आणि अशा रिकाम्या गेलेल्या रविवारी संध्याकाळी भांडी घासताना मी गुणगुणते आहे हे मला एकदा ऐकू आलं. मी थांबले. नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले. आपण कसून शिकवतोय आणि त्यांना जमत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मला हव्या होत्या का, हे मला ठरवता येईना.

जमवलं त्यांनी, मी नाही. एका रविवारी मी पुन्हा पोकळीबद्दल बोलत होते, बऱ्यापैकी लांब बोलले असणार, आणि पप्पांना जांभई आली. माझा मान राखायला त्यांनी ती ओठ मिटून दाबली. जबडा खाली गेला, गळा ताणला गेला, डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातातली डबी त्यांच्या हनुवटीपाशीच होती. ते थबकले. पुन्हा तसंच केलं, या वेळी मुद्दाम. मग मशीन घेतलं. ‘‘चहा. चहातला तो... वेलदोडा.’’ वेलदोडाच होता. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, ‘‘आगं हे तर मी आयुष्यभर केलंय! केंद्राच्या ट्रेनिंगला, साहेब भाषण करून राह्यले की पहिल्या रांगेत बसून. बेडूक कशाला पाहिजे त्याला? शिक्षक पाहिजे.’’ आणि ते हसले. पप्पांच्या हसण्याला आता आवाज नसतो. गळ्यावर बांधलेलं पांढरं फडकं तेवढं फडफडतं, कारण हसू तिथून बाहेर पडतं.

त्यानंतर ते भराभर सुधारत गेले. कॉफी आली, मग मोसंबी, मग मेथी. ते घरभर जांभया दाबत हिंडू लागले. पुस्तक उघडलं की जांभई, पाण्याचा माठ, साबण, माझी ओढणी. ‘‘औषधाचं बी हाताळलं तू आज,’’ एकदा म्हणाले, आणि हाताळलं होतं. मी हरकत काढली. वास आपोआप येतो म्हणून तो सावध करतो. तुम्हाला तो मागावा लागतो, आणि गॅस गळतोय हे माहीत नसताना तुम्ही मागाल कशाला? हरकत खरी होती, शास्त्रात बसणारी होती. पप्पांनी ती ऐकून घेतली. ‘‘मागण्याची सवय लावीन,’’ ते म्हणाले. ‘‘दारात पाय टाकला की मागायचं.’’ ‘‘सवय लागली हे मला कसं कळणार?’’ बॅग पलंगाखालीच राहिली.

आणि याच दिवसांत त्यांची रिकामी डबी चुकू लागली. बाकी सगळ्या बरोबर आणि रिकामीला म्हणायचे, ‘‘ह्याच्यात काही तरी हाय.’’ मी मनात नोंद केली, अंदाज मारतायत. वास येऊ लागलेल्या माणसाला सगळीकडं वास येतो असं वाटणं साहजिक आहे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी क्रम बदलला, डबी दोनदा दिली, मध्ये कॉफी दिली, मग पुन्हा दिली. प्रत्येक वेळी रिकामीपाशी त्यांचा चेहरा तसाच आक्रसला. आता मला अवघडल्यासारखं झालं, कारण अंदाज असा वागत नाही. जी चूक दर वेळी एकाच जागी होते ती चूक नसते. मी डबी स्वतःच्या नाकाला लावली. काही नाही. प्लास्टिकसुद्धा नाही. ‘‘रिकामी आहे, पप्पा.’’ ‘‘न्हाई.’’ त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली, डोळे उघडले, तिच्यात बघितलं, ओठ मिटले आणि जबडा खाली सोडला, सावकाश. ‘‘ओलं फडकं. दवाखान्यातल्या वॉर्डासारखं. कफ. आन् काही तरी गोडसर, शिळं.’’ एवढं बोलून मशीन मानेवरून खाली आलं. मग त्यांनी गळ्यावरचं फडकं दोन बोटांनी उचललं, नाकापाशी नेलं आणि तशीच जांभई दाबली. खोलीत पंख्याचा आवाज होता. त्यांनी फडकं परत गळ्यावर सारखं केलं, सुरकुती काढली. ‘‘हा मीच हाय,’’ मशीन म्हणालं.

रिकामी डबी मी उघडी ठेवत होते. बाकीच्या धुऊन, भरून, झाकण लावून. आणि ही हवेशीर राहावी म्हणून पप्पांच्या पलंगावरच्या फळीवर, झाकण काढून. आठवडाभर. कंपनीत कुणी असं कंट्रोल ठेवलं असतं तर मी त्याला झापलं असतं. पण मला ती रिकामीच वाटली होती, कारण माझ्या नाकानं तसं सांगितलं होतं. नाक एकसारखा येणारा वास काही वेळानं कळवणं सोडून देतं. सोडलं नाही तर नव्या वासाला जागाच राहणार नाही. मी त्या हवेत झोपत होते, जेवत होते. रोज सकाळी मीठपाण्यानं त्यांचं भोक साफ करत होते, वाळलेला कफ चिमट्यानं काढत होते, फडकी धुऊन वाळत घालत होते, आणि मला कधी काही आलं नव्हतं. ‘‘तुला रोज येत व्हता?’’ पप्पांनी विचारलं. ‘‘नाही.’’ ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. खोटं बोलतेय का ते शोधत होते, आणि मी बोलत नव्हते, पण तेही पुरेसं नव्हतं. मी त्यांना नाकाच्या सवयीचं समजावून सांगितलं. ‘‘म्हंजे तुलाबी येत न्हाई,’’ ते म्हणाले. त्यांचं फडकं हललं. ‘‘आपल्या दोघांत बराबर नाक आता माझंच.’’ मग म्हणाले, ‘‘वरच्या बाईला मातर येत असंल.’’

येत होता. भाभींनी सांगितलंही होतं. गॅसच्या आधी, उन्हाळ्यात, भाडं द्यायला गेले तेव्हा मीनाभाभी दारातच घुटमळून म्हणाल्या होत्या, ‘‘बेटा, बुरा मत मान, पण खाली थोडा वास येतो.’’ मला ते ऐकून कानाच्या पाळ्या गरम झालेल्या आठवतात. या शहरात खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर मला वासाबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. एका घरमालकानं तर मी आत पाऊल टाकायच्या आधीच सांगितलं होतं की आमच्याकडं वास चालत नाही. त्या घरात मी काही शिजवलंही नव्हतं. म्हणून मी भाभींना म्हणाले होते, ‘‘आम्ही मासे करत नाही, भाभी. केले तर तुम्हाला वाटीभर पाठवू.’’ त्यांनी भाडं घेऊन दार लावलं होतं. मला वाटलं, बरं झालं. आता डबी हातात घेऊन उभी असताना मला दोन्ही वास वेगळे करून बघावे लागले. त्या घरमालकाला आलेला वास त्याच्या डोक्यात होता. भाभींना आलेला या डबीत होता. एकाच शब्दानं दोघं बोलले आणि मी दोघांना एकच उत्तर दिलं. मी जिना चढून वर गेले. ‘‘भाभी, तो वास पप्पांच्या गळ्याचा होता.’’ त्या पापड वाळत घालत होत्या. ‘‘मी तर तेव्हाच बोलत होते ना. तू मला माशांवर नेलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कपडा गरम पाण्यात उकळत जा. धूप लावून काही होत नाही.’’ त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण हातात एक ओला पापड दिला, खायला.

मी वरून लगेच खाली गेले नाही. गल्लीत उतरले, कोपऱ्यापर्यंत चालत गेले, रिक्षांचा धूर, कुणाकडं तरी फोडणी, औषध लावलेल्या बियांच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो, असं सगळं नाकात भरून घेतलं आणि परत आले. दार ढकलून आत पाऊल टाकलं. होता. ओलं फडकं, वॉर्ड, आणि खाली ते गोडसर, शिळं. अगदी पप्पांनी सांगितलेल्या क्रमानं. मी दारातच उभी राहिले, आणि उभी असतानाच तो विरत गेला. पप्पा पलंगावर बसून माझ्याकडं बघत होते. बॅग त्यांनी पलंगाखालून बाहेर ओढली नव्हती, तिला हातही लावला नव्हता. ‘‘हा वास तुम्हाला कुणी विचारला नव्हता,’’ मी म्हणाले. ‘‘परीक्षेत हा नव्हताच. तरी तुम्ही घेतला.’’ त्यांना कळलं मी काय म्हणतेय ते. मला वाटतं माझ्याआधीच कळलं होतं. त्यांनी नुसता वेळ दिला. ‘‘मंग?’’ ‘‘मंग काय. बराबर म्हणाले होते ना मी.’’

भोकरदनच्या गाडीत मी त्यांना खिडकी दिली. राजूर मागं पडेपर्यंत ते बाहेर बघत होते आणि त्यांचा जबडा मधूनमधून खाली जात होता. समोरच्या सीटवरची बाई सारखी त्यांच्याकडं बघत होती. तिला वाटलं असेल म्हाताऱ्याला झोप आलीय. घरी पोचल्यावर त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यावर थांबले. आत गेले नाहीत. ओठ मिटले, मागितलं, मग आत गेले. त्यांनी ते मला दाखवायला केलं नाही, मी मागं आहे हे ते विसरले होते. शेजारचे रामकिसन काका कुंपणावरून ओरडले, ‘‘सर आले का?’’ पप्पांनी मशीन मानेला लावलं. ‘‘आलो,’’ ते म्हणाले, आणि काका त्या आवाजानं क्षणभर चपापले, मग म्हणाले, ‘‘आवाज तर रेडिओवाणी झाला की, सर!’’ पप्पांचं फडकं फडफडलं. मी शेगडी तपासली, नळी तपासली, फडकी उकळायला एक वेगळं पातेलं काढून ठेवलं. करण्यासारखं आणखी काही राहिलं नव्हतं, तरी मी ओट्यापाशी उभी होते. ‘‘जा आता,’’ मशीन म्हणालं. ‘‘गाडी जाईल.’’

जालन्याला पोचले तेव्हा दिवस मावळत होता. दार उघडलं. दिवसभर बाहेर होते, त्यामुळे वास आला, स्पष्ट, ते अजून आत असल्यासारखा. मी घाईनं श्वास घेतला, मग आणखी एक, आणि घेता घेताच तो पातळ झाला आणि संपला. मला माहीत होतं तो संपलेला नाही, फक्त माझं नाक त्याला मोजेनासं झालंय. पलंगावरच्या फळीवर रिकामी डबी उघडीच होती. मी तिचं झाकण शोधून घट्ट लावलं. मग काही दिवसांनी, एका सकाळी बाहेरून दूध घेऊन आल्यावर, ती उघडली, नाकापाशी धरली, श्वास रोखला, ओठ मिटले आणि जबडा खाली सोडला. छाती हलली नाही. हवा आली, आणि तिच्यासोबत ते ओलं फडकं.